पुण्याहून कोकण किनाऱ्यावरचं वन्यजीवन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणेकरांची कोकण सहल बहुतेक वेळा देऊळ, किल्ला, समुद्रकिनारा आणि माशांचं ताट एवढ्यावर संपते. त्याच वाटेवर शेकरू असतात, गिधाडं असतात, कासवाची पिल्लं समुद्राकडे निघालेली असतात. ती बघायला जाणारे जे विचारतात, ते इथं एकत्र केलं आहे. तिकिटाचे आणि बोटींचे दर सतत बदलतात, म्हणून ते दिलेले नाहीत.

१. पहिल्यांदाच जातोय. कुठून सुरुवात करू?

ठिकाणाआधी महिना ठरवा. सुट्टी मिळाली म्हणून एप्रिलमध्ये आंबोली आणि ऑगस्टमध्ये वेळास गाठणारे दरवर्षी भेटतात, आणि दोघंही हिरमुसून परततात.

जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो आणि बोटी बंद. पण आंबोलीचे बेडूक आणि कर्नाळ्याचा तिबोटी खंड्या याच दिवसांत दिसतात. ऑक्टोबरचा उकाडा कोकणात अंगावर येतो, तो शक्यतो टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत भरगच्च काळ: स्थलांतरित पक्षी, डॉल्फिन, उन्हाला पडलेल्या मगरी, मालवणचं नितळ पाणी. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कासवाची पिल्लं बाहेर पडतात. ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो जानेवारीनंतर वाढत जातात आणि मेपर्यंत टिकतात. मे महिन्यात किनाऱ्यावर भाजून निघतं, पण फणसाडच्या पाणवठ्यांसाठी तोच महिना उत्तम.

२. एका दिवसात पुण्याहून जाऊन येता येईल असं काय आहे?

कर्नाळा पक्षी अभयारण्य (प्रश्न ९) आणि ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र (प्रश्न ८). दोन्हीकडे अडीच-तीन तासांत पोचता येतं, फक्त पुण्यातून पहाटे निघायला हवं. फणसाड एका दिवसात ओढूनताणून होतं, पण दुपारी बाराला जंगलात पोचून काहीही दिसत नाही. तिथं एक मुक्काम कराच.

वेळास, आंजर्ले, चिपळूण यांना किमान दोन दिवस द्या. मालवण आणि आंबोलीला तीन. दोन दिवसांत वेळास, डॉल्फिन, फणसाड आणि जंजिरा असे बेत आमच्याकडे तपासायला येतात. त्यात निम्मा वेळ गाडीत आणि फेरीबोटीच्या रांगेत जातो. एकच ठिकाण निवडा, आणि तिथली संध्याकाळ व दुसरी सकाळ दोन्ही मिळतील असं बघा.

३. नकाशावर दोन वेळास आणि दोन मुरुड दिसतात. आपलं कोणतं?

हा गोंधळ खरोखर होतो आणि पन्नास-साठ किलोमीटरचा फटका बसतो. कासव महोत्सवाचं वेळास रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आहे, बाणकोट किल्ल्याजवळ. नाना फडणवीसांचं गाव ते हेच. दुसरं वेळास रायगडात दिवेआगरच्या शेजारी.

मुरुडचंही तसंच. जंजिरा किल्ला आणि फणसाड अभयारण्य रायगडातल्या मुरुडजवळ, तर कर्दे-मुरुड म्हणून ज्याचं नाव डॉल्फिनसाठी घेतात ते दापोली तालुक्यातलं. खोली ठरवताना तालुका विचारून घ्या.

४. वेळासला गेलं की कासवाची पिल्लं दिसणारच ना?

खात्री कुणीच देऊ शकत नाही, आणि देणाऱ्यापासून सावध राहा. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत दीड फुटाच्या आसपास खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात. वाळू थंड असेल तर जास्त, तापलेली असेल तर कमी. त्यामुळे एखादं घरटं 'उद्या फुटेल' असं कासवमित्र, म्हणजे घरट्यांची राखण करणारी गावातली माणसं, म्हणतात तेव्हा तो अनुभवाचा अंदाज असतो, वेळापत्रक नसतं.

आपल्या हातात तीन गोष्टी आहेत. मार्चचा पहिला-दुसरा आठवडा धरा, कारण तेव्हा बरीच घरटी एकामागून एक फुटत असतात. निघण्याआधी गावातल्या यजमानांना फोन करून सध्या काय चाललंय ते विचारा. आणि मुक्काम असा ठेवा की संध्याकाळ व सकाळ मिळून दोन-तीन वेळा किनाऱ्यावर जाता येईल. पिल्लं सकाळी लवकर आणि सूर्यास्ताच्या सुमारास सोडतात.

शक्य असेल तर मधल्या वारी जा. शनिवारी बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीमागे इतकी गर्दी होते की मुलांना पुढच्यांची पाठ तेवढी दिसते.

५. वेळास, आंजर्ले की गुहागर?

पहिल्या भेटीला वेळास. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये इथून कासव संरक्षणाचं काम सुरू केलं. ज्या किनाऱ्यावर अंडी उकरून नेली जायची, तिथं गावकरीच पहारा करू लागले. आज मुक्काम गावकऱ्यांच्या घरात, जेवण त्यांच्या पडवीत, आणि मिळालेला पैसा गावात राहतो. कासव वाचवण्यातून गावाला उत्पन्न मिळू लागलं, म्हणून हे काम इतकी वर्षं टिकलं असं माझं ठाम मत आहे. जेवण साधं, बहुतेक घरी शाकाहारी. हॉटेलसारख्या सोयींची अपेक्षा घेऊन जाऊ नका.

आंजर्ल्याला किनारा मोठा, राहण्याचे पर्याय जास्त आणि वर कड्यावरचा गणपती. कुटुंबात एखाद्याला कासवात रस नसेल तर हे सोयीचं. गुहागरला अलीकडच्या वर्षांत घरटी भरपूर असतात, पण पुण्याहून अंतर जास्त. यापलीकडे रायगडात हरिहरेश्वर आणि दिवेआगर, दक्षिणेला गावखडी, तांबळडेग, वायंगणी इथंही कासवं येतात.

गुहागरची एक गोष्ट सांगायलाच हवी. जानेवारी २०२५ मध्ये तिथं अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर, म्हणजे वल्ह्यासारख्या पायावर, ०३२३३ क्रमांकाची पट्टी सापडली. ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती. बंगालच्या उपसागरातली मादी भारताला वळसा घालून अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर अंडी घालू शकते, याचा तो धडधडीत पुरावा होता. त्याआधी २०२२ मध्ये वेळासच्या 'प्रथमा'सह कोकणातल्या पाच माद्यांना उपग्रह ट्रान्समीटर लावले होते. या दोन-तीन वर्षांत आपल्या किनाऱ्यावरच्या कासवांबद्दल जेवढं कळलं, तेवढं आधी कधीच कळलं नव्हतं.

६. रात्री मादी अंडी घालताना बघायला थांबलं तर चालेल का? आणि अंडी उचलून कुंपणात का ठेवतात?

रात्री थांबू नका. मादी वाळूवर चढताना उजेड, आवाज किंवा हालचाल जाणवली तर अंडी न घालता परत फिरते. मोबाइलची टॉर्चसुद्धा पुरेशी होते. गस्त कासवमित्रांवर सोडा.

अंडी हलवायची कारणं साधी आहेत. कोल्हे आणि भटकी कुत्री घरटी उकरतात, उधाणाचं पाणी चढलं तर अंडी कुजतात, आणि काही ठिकाणी अजूनही माणूस ती चोरतो. म्हणून गस्तीवरची माणसं पहाटे मादीच्या पावलांचा माग काढत घरटं शोधतात आणि अंडी तितक्याच खोल, तशाच आकाराच्या खड्ड्यात, जाळीच्या कुंपणात ठेवतात. या कुंपणालाच सगळे हॅचरी म्हणतात. जागा निवडतानाही विचार असतो, कारण वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त.

पिल्लांना पाण्यात नेऊन का सोडत नाहीत, हे मुलं हमखास विचारतात. वाळूवरून पाण्यापर्यंतचं अंतर त्यांनी स्वतः कापायचं असतं. कितीही हळू वाटलं तरी उचलायचं नाही, हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही.

७. भरती-ओहोटीची वेळ घरबसल्या कशी काढायची?

मोबाइलवर तक्ते मिळतात, पण कोकणातला जुना हिशोब आजही कामाला येतो: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून हा हिशोब जुळतो. भरतीत सहा तास मिळवले की ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चला.

खडकांतल्या डबक्यांमधले जीव बघायचे असतील तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया साधा. उधाणाची भरती जितकी चढते तितकीच ओहोटीही खोल जाते, आणि या तिथींना ती सकाळी साडेसात-आठच्या सुमारास येते. समुद्रफुलं, शंखातले खेकडे, क्वचित एखादा छोटा ऑक्टोपस. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसं हटतच नाही. त्या दिवसांत खडकांसाठी मुद्दाम जाऊ नका.

ओहोटी संपण्याच्या आधी जा आणि पाणी वळलं की लगेच निघा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर भरतीच्या वेळी खडकांवर उतरलेली माणसं लाटेनं ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. तिथल्या पाटीवरची सूचना अक्षरशः पाळा.

८. भिगवणला फ्लेमिंगो दिसतातच. मग ऐरोलीपर्यंत का जायचं?

कारण पक्षी वेगळा आहे. भिगवणला उजनीच्या पाण्यावर दिसतो तो मुख्यतः मोठा रोहित (ग्रेटर फ्लेमिंगो), उंच आणि फिकट. ठाण्याच्या खाडीत बहुसंख्य असतो तो छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो), बुटका, गडद चोचीचा आणि जास्त गुलाबी. खाडीतल्या चिखलात वाढणारं शेवाळ हे त्याचं खाणं, आणि गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. संख्या हजारांत असते. भिगवणला पाहिलेल्या थव्याशी याची तुलनाच होत नाही.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर. २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाली. बोटी ऐरोलीच्या केंद्रातून सुटतात आणि त्यांच्या वेळा पूर्णपणे भरतीवर ठरतात, म्हणून नोंदणी आधी करा, पुण्यातून निघण्याची वेळ त्यानंतर ठरवा. बोट हुकली तरी केंद्रातलं प्रदर्शन आणि खारफुटीतली पायवाट मुलांना गुंतवून ठेवते.

थोडी माहीत नसलेली बाब: पूर्ण भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली जातो तेव्हा बरेच फ्लेमिंगो नेरुळ-सीवूड्स भागातल्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात. तिथं ते काठावरून, बोटीशिवाय दिसतात. शांत राहा, थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवू नका. प्रत्येक उड्डाणात त्यांची शक्ती खर्च होते.

९. कर्नाळ्याला गेलो, एकही पक्षी दिसला नाही. जागा उगाच गाजली आहे का?

तुम्ही बहुधा रविवारी दहानंतर, किल्ल्याच्या वाटेनं गेलात. सुळक्याकडे जाणाऱ्या त्या वाटेवर ट्रेकर्सचे गटच्या गट असतात. पक्ष्यांसाठी हरियाल आणि मोरटाका या निसर्गवाटा आहेत. गेट उघडताच आत शिरा, दोन-तीन जणच राहा आणि एका जागी थांबून ऐका. दाट जंगलात पक्षी आधी ऐकू येतो. भृंगराजाची लांब शेपटी, शीळकरी कस्तुराची शीळ, नशीब असेल तर कर्णा (मलबार ट्रोगन).

जूननंतर इथं तिबोटी खंड्या येतो. चिमणीएवढा, पण अंगावर इतके रंग की पहिल्यांदा बघणाऱ्याला खरा वाटत नाही. तो रायगडचा जिल्हापक्षी आहे. ओढ्याच्या मातीच्या काठात बीळ करून घरटं करतो, आणि फोटोसाठी घरट्यासमोर ठाण मांडून बसणाऱ्यांमुळे पिल्लं उपाशी राहतात. घरट्याचा फोटो काढूच नका, दुसऱ्यांना जागाही सांगू नका.

कर्नाळा १९६८ साली अभयारण्य झालं तेव्हा जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं. २००३ मध्ये ते १२ चौरस किलोमीटरपर्यंत वाढवलं. आजही छोटंच. पण महामार्गाला खेटून एवढं जंगल टिकलं आहे, हे मला मोठं वाटतं.

१०. फणसाडला बिबट्या दिसतो का?

आहे, पण दिसेल म्हणून जाऊ नका. फणसाड हे शेकरू, पक्षी आणि झाडांचं जंगल आहे. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान, १९८६ पासून अभयारण्य. प्रवेश सुपेगावहून. आत बारमाही पाणवठे आहेत, त्यांना तिथं 'गाण' म्हणतात: चिखलगाण, फणसाडगाण अशी नावं. उन्हाळ्यात बाकी ओढे आटले की सगळी वर्दळ या गाणांवर येते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून होणाऱ्या प्राण्यांच्या नोंदीत भाग घ्यायचा असेल तर महिनाभर आधी वनविभागाकडे चौकशी सुरू करा.

शेकरू, आपला राज्यप्राणी, इथं दिसण्याची शक्यता चांगली. सकाळी झाडांच्या शेंड्यांकडे बघत चाला. काटक्या-पानांचे मोठे गोल दिसले की ती त्याची घरटी. जाडजूड, पिळे घातलेली गारंबीची वेलही बघाच. तिच्या हातभर शेंगा मुलांना वेड लावतात.

वाटाड्या गावातला घ्या. त्याच्याशिवाय तुम्ही फक्त झाडी बघून याल.

११. गिधाडं अजून उरली आहेत का?

थोडी. रायगडात म्हसळा तालुक्यातलं चिरगाव त्यासाठी ओळखलं जातं, आणि फणसाडमध्येही दिसू शकतात. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं, त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, तोवर देशभर गिधाडांचा जवळपास सफाया झाला होता. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे संख्या भरून यायला दशकं लागतात. विणीच्या काळात, म्हणजे हिवाळ्यात, घरट्याच्या झाडाखाली जाऊ नका. लांबून दुर्बीण पुरते.

१२. डॉल्फिन कुठे आणि कधी?

दापोलीजवळ कर्दे, मुरुड, दाभोळ, पुढे गुहागर, आणि दक्षिणेला तारकर्ली-देवबाग. नोव्हेंबर ते मार्च, सकाळी सात ते नऊ, वारा उठायच्या आधी. आपल्याकडे दिसतो तो पाठीवर वशिंड असलेला डॉल्फिन. तो उथळ, किनाऱ्याजवळच्या पाण्यात राहतो, म्हणून छोट्या बोटीतूनही दिसतो. पाण्याबाहेर उंच उड्या मारण्याचं दृश्य मनात ठेवून जाऊ नका. पाठ वर येते, श्वासाचा फुसकारा ऐकू येतो, पुन्हा पाठ जाते.

बोटवाल्याशी निघण्याआधी बोला: डॉल्फिन दिसले की इंजिन मंद करायचं, पाठलाग नाही, कळपाच्या मध्ये बोट घालायची नाही. गिऱ्हाईकच ओरडतं 'अजून जवळ घ्या', म्हणून बोटी मागे लागतात. तुम्ही उलट सांगितलंत तर बहुतेक तांडेल आनंदानं ऐकतात, त्यांनाही ते पटलेलं असतं. लाइफ जॅकेट सगळ्यांसाठी नसेल तर बोटीत चढू नका.

१३. चिपळूणची मगर सफारी सुरक्षित आहे का?

वाशिष्ठी खाडीत, मालदोलीच्या बाजूला, बोटीतून मगरी दाखवतात. हिवाळ्याच्या सकाळी, ओहोटीला चिखलाचा काठ उघडा पडतो तेव्हा त्या उन्हाला येतात, तोंड उघडं ठेवून. ही गोड्या पाण्यातली मगर, पण खाडीच्या मचूळ पाण्यातही मजेत राहते. बोटीत शांत बसलात तर धोका नाही. हात पाण्यात घालायचे नाहीत आणि काठावर उतरायचं नाही. महाडला सावित्री नदीतही मगरी बऱ्याच आहेत, तेव्हा वाटेत गाडी थांबवून नदीत पाय बुडवायचा मोह आवरा.

१४. मालवणला पोहता येत नसेल तरी समुद्राखालचं बघता येतं? आणि स्कूबा करून त्याच दिवशी पुण्याला निघालं तर?

पोहता येत नसलं तरी स्नॉर्केलिंग आणि प्रशिक्षकाबरोबरचं उथळ स्कूबा करता येतं. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास किंवा सर्दी असेल तर टाळा, आणि फॉर्मवर खरं लिहा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मधलं, सुमारे २९ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा भाग त्याचा गाभा. प्रवाळावर उभं राहू नका. तो दगड दिसतो पण जिवंत आहे, आणि बोटभर वाढायला त्याला वर्षं लागतात. माशांना पाव-बिस्किटं टाकून फोटो काढण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, तीही नाकारा.

दुसऱ्या भागाचं उत्तर फार महत्त्वाचं, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. स्कूबानंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. आंबोलीचा घाटमाथा सुमारे ७०० मीटर उंच आहे, म्हणजे ज्या उंचीपासून पुढे डायव्हिंगनंतर थांबायला सांगतात तिच्या पलीकडे. एक डाइव्ह केली असेल तर घाट चढण्याआधी किमान १२ तास, एकाहून अधिक केल्या असतील तर १८ तास जाऊ द्या. सोपा उपाय: स्कूबा सहलीच्या मधल्या दिवशी ठेवा. स्नॉर्केलिंगला ही अट नाही.

१५. खारफुटी बघण्यासारखी असते का? चिखलच तर असतो.

चिखलच असतो, आणि सगळं त्यातच आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी या महिलांच्या गटाची सफर करा. वल्हवायच्या होडीतून तिथल्या बायका तिवर, चिप्पी, कांदळ ओळखायला शिकवतात, चिखलातून वर आलेली श्वासमुळं दाखवतात, कोणत्या मुळात कोणती मासळी पिल्लं लपवते ते सांगतात. त्यांचं हे ज्ञान रोजच्या जगण्यातून आलेलं आहे, म्हणून ही सफर मी कुठल्याही स्पीडबोटीच्या वर ठेवतो. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे.

पुण्याहून वेंगुर्ला लांब पडत असेल तर ऐरोलीची पायवाट (प्रश्न ८).

१६. पावसाळ्यात आंबोलीला धबधब्याशिवाय काय?

खरी आंबोली रात्रीची आहे. जून-जुलैमध्ये स्थानिक जाणकाराबरोबर टॉर्च घेऊन निघालात तर दोन तासांत उडता बेडूक, त्याची पानांवर लटकलेली फेसाची घरटी, हिरवा चापडा हा विषारी साप, आणि नशीब असेल तर आंबोलीचा खास भेक (टोड). हा छोटा भेक २००९ मध्ये शास्त्राला नव्यानं कळला, तो या परिसराबाहेर आढळत नाही आणि नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. पहिल्या पावसात तो रस्त्यावर येतो आणि शनिवार-रविवारच्या गाड्यांखाली चिरडला जातो. संध्याकाळनंतर गाडी अगदी हळू चालवा, शक्य असेल तर बाहेर काढूच नका.

हिरण्यकेशीच्या कुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी जात जाहीर झाली, तिला त्याच नदीचं नाव दिलं, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. देवस्थानामुळे तिथं मासेमारी होत नाही, म्हणून तो मासा टिकला.

बेडूक हाताळू नका. त्यांची कातडी श्वास घेते, आपल्या हातावरचं मच्छर पळवायचं मलम त्यांना विषासारखं लागतं. घोट्याच्या वर जाणारे गमबूट हवेत.

१७. कोणत्या घाटानं उतरू? स्वतःची गाडी नसेल तर?

रायगड आणि दापोलीकडे ताम्हिणी. घाट स्वतःच अभयारण्य आहे, २०१३ पासून, त्यामुळे पहाटे काच खाली करून हळू उतरा. वेळाससाठी माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर करून बागमांडल्याहून वेश्वीला जंगलजेटीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीनं, गाडी पलीकडे नेता येते. सुट्टीच्या दिवशी तिथं रांग लागते. भोरचा वरंधा घाट जवळचा दिसतो, पण पावसाळ्यात दरडींमुळे तो बहुतेक वेळा वाहतुकीला बंद असतो. चिपळूणला कराड-पाटणहून कुंभार्ली. मालवणला कोल्हापूर करून आंबोली किंवा गगनबावडा.

गाडी नसेल तर स्वारगेटहून दापोली, श्रीवर्धन, चिपळूण, सावंतवाडीकडे एसटी आहेत. शेवटच्या टप्प्याला वडाप किंवा यजमानांनी पाठवलेली रिक्षा. कर्नाळ्यासाठी पनवेल गाठलं की महामार्गावरच्या एसटीनं गेटजवळ उतरता येतं.

१८. आजी-आजोबांना फार चालवत नाही. त्यांना काय दाखवू?

ऐरोलीचं केंद्र, आणि बोटीत चढणं जमत असेल तर डॉल्फिन किंवा मगरी. रत्नागिरीच्या झाडगावचं मत्स्यालय पावसाळ्यातही उपयोगी पडतं. तिथला देवमाशाचा सांगाडा नातवंडांपेक्षा आजोबाच जास्त वेळ बघत बसतात. वेळासला मात्र गावापासून वाळूपर्यंत बरंच चालावं लागतं, हे आधी सांगून ठेवा.

१९. कुत्रा बरोबर नेला तर? ड्रोन?

अभयारण्यात पाळीव कुत्रा नेता येत नाही. कासवांच्या किनाऱ्यावर कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी नेऊ नका, वासावर घरटं उकरणं हा त्याचा स्वभाव आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. फ्लेमिंगो आणि समुद्री गरुडाच्या घरट्यांजवळ तर त्याचा विचारही नको. वाळूवर गाडी घालणं हाही तसाच प्रकार: गाडी रुतते, आणि चाकाखाली खेकड्यांची बिळं आणि न सापडलेली घरटी दबतात.

२०. शंख-शिंपले गोळा केले तर चालतात ना?

रिकामे, साधे शिंपले दोन-चार मुलांनी खिशात घातले तर कुणी अडवत नाही. पण प्रवाळ, समुद्री पंखा, समुद्रघोडा आणि काही जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मेलेला, वाळलेला तुकडासुद्धा बाळगणं किंवा विकत घेणं गुन्हा आहे. किनाऱ्यावरच्या टपरीत विकायला ठेवलंय म्हणजे कायदेशीर असं समजू नका. शंख उचलण्याआधी उलटा करून बघा, आत बहुतेक वेळा खेकडा राहत असतो.

२१. जुलै-ऑगस्टमध्ये वाळूवर निळे फुगे पडलेले दिसले. हात लावला तर?

लावू नका. ते जेलीफिशच्या कुळातले विषारी जीव आहेत, मान्सूनच्या वाऱ्यानं किनाऱ्याला लागतात. फुग्याखालचे निळे धागे मेल्यावरही डंख करतात. डंख झालाच तर चोळू नका, चिकटलेले धागे चिमट्यानं किंवा कार्डाच्या कडेनं काढा, समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवा. श्वास लागला, चक्कर आली तर थेट दवाखाना.

२२. किनाऱ्यावर जखमी कासव किंवा डॉल्फिन दिसला तर परत पाण्यात ढकलू का?

नको. किनाऱ्याला लागलेला प्राणी बहुतेक वेळा आजारी, जाळ्यात अडकलेला किंवा दमलेला असतो, आणि ढकलला तर बुडतो. आधी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा, जवळच्या गावातल्या माणसांना बोलवा. ते येईपर्यंत गर्दी दूर ठेवा आणि प्राण्यावर सावली धरा. डॉल्फिनच्या अंगावर ओलं कापड टाका, पण डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मोकळं ठेवा, त्यात पाणी जाऊ देऊ नका. शेपटी किंवा पर धरून ओढू नका. कासवाच्या गळ्यात जाळ्याचा दोर रुतलेला असेल तर तो जाणकारांना कापू द्या. जखमी कासवांवर डहाणूच्या केंद्रात उपचार होतात.

मच्छीमाराच्या जाळ्यात कासव किंवा डॉल्फिन अडकला आणि त्यानं जाळं कापून त्याला सोडलं, तर राज्य सरकार त्या जाळ्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. सुटका केल्याचा फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून लागतो. तुम्ही तिथं असाल आणि त्याच्याकडे चांगला मोबाइल नसेल, तर तो व्हिडिओ तुम्ही काढा आणि लगेच त्याच्या फोनवर पाठवा.